ओल्या पडद्याची मागची बाजू

सिनेमातलं मला कळतं असं लोक म्हणतात. नातवंडं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतात, आमच्या आजीला विचारा, कुठला तुकडा कुठं जोडलाय ते ती बसल्या जागी सांगेल. सांगते की! अजून सांगते. पण हे कळणं मी कुठं शिकले आणि त्यापायी कुणाचं वाटोळं झालं, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा अर्धंच ठाऊक होतं. तो गेला, ज्या घराचं वाटोळं झालं त्यातली माणसंही गेली. आता लपवून कुणासाठी ठेवू?

महाराजांच्या राज्यातली गोष्ट. गोऱ्यांची मोठी लढाई चालली होती, ती वर्षं. रंकाळ्याच्या अलीकडं मोकळ्या माळावर तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे. माझा नवरा तिथं यंत्राचा दांडा फिरवायचा, आणि मी पडदा भिजवायची.

पडदा भिजवणं म्हणजे काय, हे आता फोड करून सांगावं लागतं. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं असायचं. यंत्र आणि सगळे पुरुष कापडाच्या एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बायकांनी पुरुषांत बसायचं नाही ना, मग त्यांनी मागनं बघायचं. कोरड्या कापडाच्या मागं नुसता धूर दिसतो. कापड चिंब भिजलेलं असलं की चित्र आरपार उमटतं. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी शिडीवर चढून वरनं कळशा ओतायच्या, आणि एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत खालनं पिचकारी मारत राहायची. बायकांच्या बाजूला पुरुष कसा येणार? ते काम माझ्याकडं आलं. रोज दिवेलागणीला खेळ. पदर खोचलेला, पाय चिखलात, आणि अंगावर पडद्याचं पाणी निथळतंय, अशी उभी राहून मी एकेक सिनेमा पन्नास-पन्नास वेळा बघितला.

पहिल्या खेपेला मी घाबरले, ते सांगायला लाज कशाची? मोठा चेहरा आला तेव्हा सगळ्या बायका किंचाळल्या, "मुंडकं छाटलं की गं बाई!" मीही किंचाळले. पाचव्या खेपेपर्यंत गोष्ट पाठ झाली. मग गोष्टीकडं बघायचं कारणच उरलं नाही, आणि खरं बघणं तिथनं सुरू झालं. कोपरे बघायला लागले. मागच्या भिंतीवरची सावली एका तुकड्यात लांब, दुसऱ्यात आखूड. म्हणजे मधे सकाळची दुपार झाली. माणूस ज्या अंगानं बाहेर जातो त्याच्या उलट अंगानं आत यायला हवा, नाहीतर बायका कुजबुजतात, "ह्यो परत का आला?" मोठा चेहरा कधी दाखवतात? आपल्याला त्याच्या मनातलं जाणून घ्यायची घाई होते, अगदी तेव्हा! हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मलाच कळलं, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

एकदा रीळ तुटलं आणि माझ्या नवऱ्यानं घाईघाईत तुकडे मागंपुढं जोडले. त्यात एक मडम खिडकीशी बसून हसायची. रोज तिच्याआधी अंगणात खेळणारं पोर दिसायचं, मग तिचं हसू बघून बायकांना माया यायची. त्या दिवशी आधी पोराला मातीत पुरतात तो तुकडा आला, आणि मग ती हसली. "अगं कैदाशिणी! पोर खाल्लंस आणि हसतीस व्हय?" बायकांनी बोटं मोडली. हसू तेच होतं बघा. चेहऱ्यात काहीच नसतं, त्याच्याआधी आपण काय बघितलं ते आपणच त्या चेहऱ्यात घालतो, एवढं मला त्या चिखलात उभं राहून कळलं. पण ते पडद्यापुरतं. पडद्याबाहेर त्या अकलेचा उपयोग करायचं काही मला सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हा बायकांना पक्की ठाऊक होती, ती म्हणजे गोरी माणसं डावखुरी असतात. झाडून सगळी. साहेब डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं लिहितो, डाव्या हातानं तलवार उपसतो. "ईऽऽ, जेवतोय बघ कुठल्या हातानं!" म्हणून बायका नाक मुरडायच्या. मी एकदा नवऱ्याला विचारलं, "अवो, गोरी समदी डावखुरी असत्यात व्हय?" तो तेलानं माखलेले हात पुसत होता. म्हणाला, "व्हय तर! त्येंच्यात उजवा हात सोवळ्यात ठेवत्यात." आणि हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय, मला वाटलं तो खरं सांगतोय. झालं. मधेमधे जी अक्षरं यायची ती इंग्रजी; उलटी काय न् सुलटी काय, आम्हांला सारखीच. आपण सगळं जग मागच्या बाजूनं, उलटं बघतोय, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आता माझ्या शेजारणीचं सांगते. आमची भिंतीला भिंत. ती माझ्याच वयाची, शेतकऱ्याच्या घरची सून, मूलबाळ नव्हतं. नवरा पलटणीत भरती होऊन बसऱ्याकडं तुर्काशी लढायला गेला होता. सासऱ्याला मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, सासू तोंडानं फाटकी पण पोरावर जीव टाकणारी. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या नवऱ्याला बैलाचं शिंग लागलं होतं, डाव्या भुवईवर. मीच हळद दाबायला धावले होते, म्हणून ती खोक माझ्या ओळखीची.

एक दिवस सरकारी कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. तिकडल्या एका चकमकीनंतर पत्ता लागत नाही, एवढंच. मेला म्हणत नव्हते, जिवंत म्हणत नव्हते. असे चारसहा महिने गेले, मग वर्ष उलटलं. सासरा म्हणायला लागला, गेला तो गेला, तरणी सून घरात किती दिवस ठेवायची? त्यांच्यात पाट लागतो, बाईला दुसरं लग्न करता येतं. सासूच्या माहेरकडचा मुरगूडच्या अंगाचा एक तिजवर होता. दोन बायका त्याच्या हाताखालनं गेल्या होत्या, आणि कशानं गेल्या ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्याचं स्थळ ठरत आलं. माझी शेजारीण आमच्या परसात येऊन नुसती बसायची. रडायची नाही, बोलायची नाही, चुलीतली राख काडीनं उकरत बसायची. एकदा एवढंच म्हणाली, "त्याच्या घरी जाण्यापरास मी हिरीत पाय सोडीन."

आणि त्याच आठवड्यात लढाईचं रीळ आलं. लोकांनी पलटणीत नाव घालावं म्हणून सरकारनं धाडलेलं. आधी जहाज, मग घोडे उतरतात, मग राहुट्या, मग पाणी वाहणारे भिस्ती, आणि मग नदीकाठानं आपल्या शिपायांची रांग. सगळे पुढं बघत चाललेले. त्यातला एक जण मान वळवतो, थेट आपल्याकडं बघतो, हसतो आणि सलाम ठोकतो. डाव्या भुवईवर खोक! माझ्या हातनं पिचकारी सुटली. हा तर तिचा नवरा!

दुसऱ्या दिवशी मी सासू-सुनेला ओढतच तंबूत नेलं. अगदी पडद्याला नाक लावून बसवलं. रांग आली, त्यानं मान वळवली, आणि सासूनं हंबरडा फोडला, "माजं लेकरू! आगं माजंच की गं!" पडद्याला मिठी मारायला धावली, ओलीचिंब झाली. सून बघत होती. मी तिचा दंड धरून हलवला, "बोल की! त्योच न्हवं?" तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं. मग म्हणाली, "व्हय. त्योच."

सासूनं घरी परतताना एक शंका काढली. "पर डाव्या हातानं सलाम का केला गं त्यानं?" मी होते ना शहाणी! म्हणाले, "गोऱ्याच्या पलटणीत गोऱ्यासारखंच करावं लागतंय, मावशी." तिला पटलं. "बिचारं माजं," म्हणाली, "आता जेवायला कसं बसत आसंल!"

गल्लीतले दोघे-तिघे पुरुषही तंबूत बघून आले. ते म्हणाले, आम्हांला काही तो वाटला नाही. माझा नवरा म्हणाला, "खोक हाय खरी, पर त्यो न्हाय वाटत मला." कुठल्या भुवईवर खोक, हे ना त्यानं सांगितलं ना मी विचारलं. मी सगळ्यांवर फिसकारले, "मडमांकडं बघायला जाताय तुमी, तुमाला काय मान्सं वळकाय येत्यात!" त्याच्या आईनं ओळखला, बायकोनं ओळखला, आणि रोज बघणाऱ्या मी ओळखला, मग आणखी कोण पाहिजे? सासूनं सासऱ्याला ठणकावलं, "माजा पोरगा जित्ता हाय. सुनंच्या पाटाचं नाव काढशील तर याद राख." तिजवराला निरोप गेला. सुनेनं कपाळभर कुंकू लावलं. मला कुणीतरी राज्य दिल्यासारखं वाटलं. एका बाईला मी मरणातनं ओढून काढली होती, आणि ती नुसत्या डोळ्यांच्या जोरावर!

पावसाळ्याच्या तोंडावर तंबू उतरला, रीळ दुसऱ्या गावाला गेलं. दोन वर्षं अशीच गेली. सासू रोज देवाला फूल वाहायची. जेवताना पोराच्या नावाचा घास काढायची आणि बाहेर कावळ्याला नाही, तर गाईला घालायची, जिता आहे म्हणून. शेजारीण शेतावर राबायची, घरी यायची, आणि कधीकधी माझ्याजवळ बसून सिनेमातलं ऐकायची. मीच बोलायची. तिला काय वाटतं ते मी विचारल्याचं मला आठवत नाही.

लढाई संपली. गेलेल्यांतले काही परत आले, तो आला नाही. तुर्कानं कैद केलेले उशिरा सुटतात, असं कुणीतरी म्हणालं, त्यावर सासू जगत होती. त्या सुमाराला कोल्हापुरात भिंतींचं पक्कं थेटर झालं. पडदा भिंतीवरचा, ओला करायचं कामच नाही. बायकांना वर माडीवर जागा, पुढं बांबूच्या काड्यांच्या चिकाचा आडोसा, आणि बघायचं पुरुषांसारखंच, समोरनं. माझं काम सुटलं, पण नवरा तिथंच लागला होता. एक दिवस त्यानं सांगितलं, ते जुनं लढाईचं रीळ परत आलंय, दुपारच्या खेळाला लावणार. सासू म्हणाली, "मला माज्या पोराला बघायचंय." आम्ही तिघी गेलो.

आधी एक हसायचा सिनेमा लागला. त्यात साहेब जेवायला बसला, उजव्या हातानं! मी मनात म्हटलं, हा कुठला आमच्यासारखा साहेब? मग दुसरा आला, त्यानं उजव्या हातानं टोपी काढली. मग मडमेनं उजव्या हातानं पत्र लिहिलं. माझ्या डोक्यात काहीतरी टकटकायला लागलं. तेवढ्यात लढाईचं रीळ सुरू झालं. मला पाठ असलेलं जहाज उलट्या बाजूनं आलं. घोडे उलट्या बाजूला उतरले. भिस्त्याची पखाल या खांद्याची त्या खांद्यावर गेली. आणि मला कळलं! ओल्या पडद्याच्या मागं बसून आपण सगळं उलटं बघत होतो! गोरे डावखुरे नव्हतेच! खरं सांगते, मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. एवढं मोठं कोडं माझं मी सोडवलं होतं. शेजारी कोण बसलंय, आता पुढं कोण दिसणार आहे, भिस्त्यांनंतर रांग येते हे मला पाठ असूनसुद्धा, माझं भान त्या जहाजात आणि घोड्यांतच अडकलं होतं.

रांग आली. त्यानं मान वळवली, हसला, उजव्या हातानं सलाम केला. आणि मी मोठ्यांदा ओरडले, "अगं बाई! खोक उजवीकडं हाय! म्हंजी ह्यो त्यो न्हवंच!"

तोंडातनं शब्द सुटला तेव्हा कुठं मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

सासूनं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. तोवर रांग निघून गेली होती. "काय म्हनलीस?" तिनं विचारलं. मी काहीतरी सावरायला गेले, डोळ्यांनी चुकले असेन, अंधारात नीट दिसलं नसेल, असलं काहीतरी. पण ती आई होती. एवढी दोन वर्षं डावी भुवई तिनं डोळ्यांपुढं ठेवली होती. ती रडली नाही. "डाव्या हाताचा सलाम," एवढंच म्हणाली, आणि चिकाचा बांबू धरून उठायला लागली. तिला उठवेना. आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला जिन्यावरनं खाली आणलं.

तिला घरात निजवून शेजारीण आमच्या परसात आली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, "माजी चूक झाली, तुला मी खोटी आशा लावली. दोन वर्सं तू वाट बघितलीस माज्यापायी."

"मी कुठं वाट बघितली?" ती म्हणाली. "मला पैल्याच दिशी कळलं हुतं, त्यो न्हवं म्हणून. नवरा हुता माजा. त्याची चाल मला ठावं न्हाय व्हय?"

मी तिच्या पायांवरनं डोकं उचललं.

"तू त्योच म्हनलीस, आत्याबाई त्योच म्हनल्या. मामंजींनी पाटाचं बोलणं टाकलं. मग मी कशाला न्हाय म्हनू? परड्यात गवऱ्या थापताना मी त्याच्या नावानं रडून घेतलं. कुंकवाखाली रडून घेतलं." तिचा आवाज चढला नाही, हे मला अजून सोसत नाही. "आज बी मला दिसली की खोक उजवीकडं. मी गप बसले न्हवं? तुला काय नडलं हुतं बोलायला?"

पडद्यावरच्या माणसाच्या मनात काय आहे ते मी सावलीच्या लांबीवरनं सांगायची, आणि ही बाई दोन वर्षं माझ्या चुलीशी बसून नवऱ्याचं सुतक पाळत होती, ते मला दिसलं नाही. मी तिच्याकडं बघितलंच कधी होतं!

सासू त्या दिवसापासनं अंथरुणाला खिळली. तिचा आधार गेल्यावर सासऱ्याला अडवणारं कोणी राहिलं नाही. पंधरवड्यात पाट लागला. पाटाला सवाशिणीनं जायचं नसतं, म्हणून मला जायला नको होतं, आणि त्या रिवाजाच्या आड मी लपले, हेही सांगून टाकते. तिची पेटी बैलगाडीत चढवली तेव्हा मी दाराची कडी आतनं लावून बसले होते. तिनं विहिरीत पाय सोडला नाही. तसलं काही बोलणं वेगळं आणि सकाळी उठून दुसऱ्याच्या घरच्या चुलीपुढं बसणं वेगळं. ती बसली.

सिनेमा मी सोडला नाही. सोडला म्हणून सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. उलट समोरनं बघायला मिळाल्यावर मी सगळे जुने सिनेमे पहिल्यापासनं परत शिकले, डावं-उजवं मनात फिरवून. आणि पुढं लोक मला विचारायला यायला लागले.

पाचसहा वर्षांनी, महाराज वारल्यानंतरचं, नवऱ्याबरोबर मुरगूडच्या बाजाराला गेले होते. मिरच्यांच्या ढिगापाशी ती दिसली. वाळून कोळ झाली होती. पुढचे दोन दात नव्हते. लुगड्याला धरून तिजवराच्या आधीच्या बायकोची एक पोर उभी. मी गर्दीतनं वाट काढत तिच्यापुढं जाऊन उभी राहिले, तिचा हात धरला. माझे डोळे भरून आले.

तिनं शांतपणे हात सोडवून घेतला. "कुठल्या म्हनायच्या पावण्या तुमी?" म्हणाली. "मी न्हाय वळकलं."

"अगं, मी!"

ती मिरच्या निवडायला लागली. मी दोन पावलं मागं सरले, तसं त्या पोरीनं विचारलेलं मला ऐकू आलं, "कोन हुती गं आई?"

"कोन न्हाय. चुकली आसंल बिचारी," ती म्हणाली. "सारखी दिसत्यात मान्सं."